आक्कांचा तीनचा खेळ

शुक्रवार पेठेतल्या आमच्या आक्का दर मंगळवारी तीनच्या खेळाला जायच्या, आणि सिनेमा पटला नाही तर भर थिएटरात उभ्या राहून मोठ्याने म्हणायच्या, "साकु!" आक्कांचं माहेर मैंदर्गीचं, त्यामुळे राग आला की तोंडातून आधी कानडीच बाहेर पडे. साकु म्हणजे पुरे. पुढच्या रांगा मागे वळून बघत, डोअरकीपर हसे, आणि आक्का पिशवी उचलून ताठ मानेने बाहेर पडत. सिनेमा अर्धा टाकून आल्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उरलेली गोष्ट त्या स्वतःच रचत आणि आमच्या गल्लीला ती खऱ्यापेक्षा बरी वाटे.

नवरा गेल्यावर आक्कांनी शेंगाच्या चटणीवर संसार ओढला. बुधवारी सकाळी त्या उखळाशी बसल्या की आम्ही बायका नि पोरी शेंगा सोलायच्या निमित्ताने भोवती जमायचो. सत्तर सालानंतरचे ते दिवस. हिंदी सिनेमात तेव्हा भावंडं फार हरवायची. आक्कांना ते मुळीच मंजूर नव्हतं. "आईनं हात सोडलाच कशाला म्हन्ते मी? गड्ड्याच्या जत्रंला तीन पोरं घेऊन जाते, तिन्ही परत आणते की!" श्रीमंताचा बंगला दिसला की त्यांचा जीव जिन्यात अडकायचा. "येवढा जिना पुसतंय कोण? त्या बाईला येक डाव तरी दावा की रं." शेजारच्या चाचींशी त्या झकास दखनी हिंदीत बोलत, म्हणून पडद्यावरची भाषा त्यांना खटके. मोठमोठ्या नटांबद्दल त्या कीव येऊन म्हणत, "दिसायला बरं हाय, पर हिंदी कच्ची हाय त्येची."

पण गल्लीत आक्कांचा मान होता तो वेगळ्याच कारणाने. त्या माणसं पारखायच्या, आणि तीही सिनेमात बसवून. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की कांदेपोहे होत, पत्रिका बघितली जाई, आणि मग मुलाला आक्कांच्या बरोबर तीनच्या खेळाला धाडत. मुलाला वाटे, काय हौशी मंडळी! आक्का त्याच्या बरोब्बर मागे बसत आणि तीन तास त्याला न्याहाळत. "उजेडात समदी शाणी असत्यात," त्या म्हणत. "अंधारात बसवा, मंग बघा." तेलंगी आळीतल्या एका देखण्या मुलाला त्यांनी असंच नापास केलं. पडद्यावर नोकराच्या मुस्काटात बसली तेव्हा तो हसला होता. मुलीच्या आईवडिलांनी तरीही मुलगी द्यायची ठरवली होती, पण आक्का त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या आणि लग्न मोडल्यावरच उठल्या.

मग माझी पाळी आली. मुलगा कुर्डुवाडीचा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. पोहे खाताना त्याने मान वर करून मला विचारलं होतं, "तुम्ही खाल्ले का?" एवढंच. पण मला तेवढं पुरलं होतं. आईला मात्र त्याच्या नखांतलं काळं दिसत होतं. दुसरं स्थळ पुण्याच्या एका कारकुनाचं होतं. त्याने फोटोत मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात धरला होता. वडिलांनी निर्णय आईवर सोपवला, आईने आक्कांवर. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या काळी मी काय बोलणार होते? आक्का नाही म्हणाल्या की पुण्याचं घड्याळ माझ्या नशिबी होतं.

मंगळवारी आम्ही थिएटरात गेलो. आक्कांनी मुलाला पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं, त्याच्या मागे स्वतः बसल्या, शेजारी मी, पलीकडे आई. आक्कांचा चष्मा त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. लांबचा पडदा त्यांना स्वच्छ दिसे, जवळचं सगळं धूसर.

दिवे गेले आणि दहा मिनिटांत घोटाळा झाला. डोअरकीपरने एका म्हातारबाबांना तिकिटाशिवायच आत सोडलं होतं. ते काठी टेकून भिंतीशी उभे होते. मुलगा उठला, त्यांना हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला. दारावरच्या लाल दिव्यात मला त्याचा चेहरा दिसत होता. आक्का मात्र तशाच समोर तोंड करून बसल्या होत्या, आणि आई सिनेमात गुंगली होती.

म्हातारबाबा एक नंबरचे गुण उधळू लागले. नायकाची आई मेली तेव्हा ते घोरत होते. बहीण सासरी निघाली तेव्हा जागे होऊन खो खो हसले. आक्कांना सांगावं तर कसं? "तो हा नव्हे" म्हणायचं म्हणजे मी त्याच्याकडे बघत होते हे कबूल करायचं, तेही आईच्या देखत. मी पदराचं टोक पिळत बसले. मध्यंतराचे दिवे लागायच्या आत म्हातारबाबा बिडी ओढायला सटकले, आणि मुलगा आमच्यासाठी शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन हजर झाला. दिवे गेल्यावर पुन्हा खुर्चीत म्हातारबाबा आणि दाराशी तो. त्या दिवशी आक्का एकदाही "साकु" म्हणाल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

घरी आल्यावर आक्का पायरीवर बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "द्या पोरगी."

आई चाचरली. "नीट बघितलंत ना, आक्का? कामगार आहे हो. हात काळे असतात."

"धुता येत्यात की हात," आक्का म्हणाल्या. "डोळं भरून बघितलं म्या."

मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. खरं सांगते, आनंदाने रडले.

लग्नानंतर मी यांना सगळं सांगितलं तेव्हा हे पोट धरून हसले. आक्कांना कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. त्यांच्या पारखीवर गल्लीतली कितीतरी लग्नं उभी होती. उगाच त्यांना हिणवल्यासारखं व्हायचं. भांडण झालं की मात्र मी यांना ऐकवायची, "तुम्ही दुसऱ्याच्या मार्कांवर पास झालात हं!" मनात थोडी टोचणीही होती. माझा सुखाचा संसार आक्कांच्या चुकीवर उभा आहे, आणि ज्यांनी तो दिला त्यांनाच मी फसवलंय.

पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्याकडे टीव्ही आला आणि मालिका बघायला म्हणून आक्का कुर्डुवाडीला येऊन राहिल्या. आता त्या वाकल्या होत्या, उखळ सुटलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निकाल दिला. "सासू चांगली न्हाय, सून बी चांगली न्हाय. आन् सैपाक कोण करतंय?" त्या निघाल्या त्या सकाळी मला राहवलं नाही. त्यांच्या पिशवीत भाकरी बांधता बांधता मी सगळं सांगून टाकलं. खुर्ची, म्हातारबाबा, लाल दिवा. "आक्का, तुम्ही भलत्याच माणसाला बघत होता."

आक्कांनी कपाळावर हात मारला.

"येडी का काय गं तू? घोरणं म्हाताऱ्याचं का तरण्याचं, कळत न्हाय व्हय मला? मी कुटं त्येला बघत हुते?" त्यांनी माझी हनुवटी धरली. "मी तुला बघत हुते, सुमे. चष्मा नसला तरी मान कुटं वळलीया ते दिसतंय की. तीन तासांत येक डाव तरी पडद्याकडं बघितलंस का? समदं ध्यान दाराकडं. मंग आणिक काय पारखायचं हुतं?"

मला कुणी विचारलं नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

ती आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात आक्का गेल्या. परवा तोच सिनेमा टीव्हीवर लागला. म्हटलं, आज तरी गोष्ट काय आहे ते बघू. हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. अर्ध्या तासाने माझ्या ध्यानात आलं की आजही मी पडद्याकडे बघत नाहीये. दुसऱ्या बाजूला भिंत होती, कुणीच बसलेलं नव्हतं. तरी मी पदर सारखा केला.