वाघाच्या घरची म्हातारी

ये गं, ही वही अशी जवळ ओढ. लांबून वाचशील तर अर्धंच वाचशील, आणि त्या अर्ध्यावरनंच पुन्हा भांडशील. लेक आहेस म्हणून बोलते, राग धरायचा नाही. परवा फोनवर काय म्हणालीस? "आई, हल्ली बघावं तेव्हा वहिनीचं कौतुक! आमी काय टेंभुर्णीला जाऊन मेलो काय?" असं बोलतात व्हय आईला? वर फोनही ठेवून दिलास. टेंभुर्णी काय विलायतेत आहे? एसटीत एक झोप काढली की सोलापूर. पण दिवाळीपासनं पाय टेकला नाहीस. आता मी सगळं वहीत लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षराला हसू नकोस, आधी पुरतं वाच.

सुरुवात केली तुझ्या लेकीनं. दिवाळीत आली तेव्हा माझ्या फोनात एक गेम टाकून गेली. तू दिलेला जुना फोन गं, कोपऱ्यात तडकलेला. गुडघा धरून बसलेली मी, दुपारी झोप येईना, म्हणून एक दिवस तिथं बोट लावलं. लावलं ते लावलंच.

तुला काय माहीत असणार, सांगते. विमानातनं एका बेटावर उडी मारायची. शंभरेक माणसं एकदमच उतरतात, सगळी खरीखुरी, आपापल्या घरात फोन धरून बसलेली. बंदूक शोधायची, गोळ्या शोधायच्या, गवतात लपायचं. भोवतीनं एक निळं कुंपण आकसत येतं आणि सगळ्यांना एका वावरात आणून सोडतं. शेवटी जी टोळी उरेल ती जिंकली. आपल्या टोळीतला कुणी गोळी लागून पडला तर लगेच मरत नाही. गुडघ्यावर रांगतो बिचारा. जवळ जाऊन थोडा वेळ बटण दाबून धरलं की पुन्हा उठतो. हे मला फार आवडलं. आमच्या गुडघ्यांना असं बटण नाही.

पहिले आठ दिवस रोज मेले. मग हात बसला. हसतेस काय? तीस वर्षं कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्यात मी. चार हातांवरनं तुटलेला धागा दिसायचा आणि बोटं डोळ्याच्या आधी तिथं पोचायची. गवतातलं टोपडं दिसायला काय लागतं? कारखान्यानं कान थोडे मारले, पण डोळे आणि बोटं शाबूत ठेवली.

अडचण वेगळीच होती. एकदा हौसेनं माईक उघडला आणि म्हटलं, "पोरांनो, त्या घरात दोघं हायत बघा." मग एक जण म्हणाला, "आजी, नातवाचा फोन ठिवा की." आणि तिघंही टोळी सोडून पळाले. म्हातारीचा आवाज म्हणजे जणू भूत! त्या दिवसापासनं माईक बंद. नाव घेतलं 'ठसका', चित्र लावलं मिशीवाल्याचं, आणि जे काय सांगायचं ते लिहून.

त्या गेममध्ये 'जवळचे खेळाडू' असं एक बटण आहे. आपल्या भागातलं कुणी भेटावं म्हणून दाबलं, तर पहिलंच नाव आलं 'वाघ'. जवळ म्हणजे किती जवळ, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

वाघाचा आवाज असा, की रांजणात तोंड घालून कुणी बोलतंय. पण खेळणं काय वर्णू! मी खुणेनं दाखवावं, यानं टिपावं आणि मी 'शाबास'चं बटण दाबावं. आमच्या दोघांची गट्टी जमली. रोज दुपारी, जेवणं झाली, भांडी झाली की दोनच्या सुमाराला तो यायचा. मी मधल्या खोलीचं दार लोटून, कानात वायरी घालून आडवी पडायचे. तुझ्या वहिनीचा समज असा की तिच्या आत्या, म्हणजे मी, झोपलेय. तुझी वहिनी त्या वेळेला गच्चीवर. चटणीसाठी शेंगा वाळत घातलेल्या असायच्या, त्या राखायला. तुझा भाऊ टॉवेलच्या कारखान्यात. सगळं कसं बिनघोर.

वाघाला एकच काच होता. ऐन रंगात आला की म्हणायचा, "ठसकाभाऊ, जातो आता. घरची म्हातारी उठंल."

मला त्याची लई दया यायची. कसली कजाग म्हातारी असेल गं, म्हणायचे मी मनाशी, वाघासारख्या गड्याला पंधरा मिनिटं सुखानं बसू देत नाही! एकदा राहवलं नाही. डाव सुरू व्हायच्या आधी लिहिलं, "म्हातारीला जेवणावर गोड घाल. शिरा कर तूप सोडून. अशी झोपंल की चारपर्यंत हूं नाही का चूं नाही."

"चालंल व्हय?" वाघानं विचारलं.

"म्हाताऱ्या माणसांची नस मला माहीत आहे," मी लिहिलं. वर मिशीला पीळ दिलेलं चित्र.

दुसऱ्या दिवशी जेवताना ताटात शिरा. वेलची घातलेला, कडेनं तूप सुटलेलं. म्हटलं, आज काय विशेष? तुझी वहिनी खाली बघून म्हणाली, "काई न्हाई आत्या, सहज." मी दोनदा वाढून घेतला. आता तू म्हणशील, आई, तेवढ्यावरनं कळलं नाही तुला? नाही कळलं. समोर शिरा असताना कुणाला काय कळतंय?

चार दिवस शिरा. वाघ खूश. "ठसकाभाऊ, औषध लागू पडलं! म्हातारी घोरती." मीही खूश. आणखी एक मात्रा सांगितली: "तिच्या गुडघ्याला तेल चोळ आणि म्हण, दुखत असंल, जिना चढू नका, काय पाहिजे ते मी आणून देतो." संध्याकाळी तुझी वहिनी माझ्या पायाशी बसून तेल चोळायला लागली. "आत्या, तुमी जिना नका चढू. काय पायजे ते मला सांगा." मनात म्हटलं, सुनेला अचानक पान्हा फुटला बाई!

मग तो दिवस आला. डाव रंगलेला. वाघ एका पडक्या भिंतीआड, मी झाडावर नजर ठेवून. एवढ्यात खिडकीतनं रस्त्यावरचा भोंगा ओरडला, "कुकर, मिक्सर, गॅसची शेगडी रिपेऽऽर." रोजचाच तो गाडीवाला. आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर तोच भोंगा माझ्या कानातल्या वायरीतनं, "कुकर, मिक्सर..." पाठोपाठ वाघ गरजला, "हाऽट मेल्या! शेंगा सोड!"

बेटावर कुठल्या गं शेंगा?

मी फोन छातीवर ठेवला आणि वर छताकडं बघितलं. वरनं थडाथडा पाय आपटल्याचा आवाज आला. कावळा हाकलत होती तुझी वहिनी. कानातल्या वायरीतनं वाघही तेच पाय आपटत होता.

खरं सांगते, आधी हसू आलं, असं की उशी तोंडात कोंबली. ही माझी सून! घरात हिचा आवाज म्हणजे, 'व्हय आत्या', 'न्हाई आत्या', ताटाच्या कडेवर चमचा ठेवल्यासारखा. आणि बेटावर माणसं लोळवते! फोनात आवाज बदलायची सोय असते म्हणे. बाईचा आवाज ऐकला की टोळीतली पोरं नको नको ते बोलतात, म्हणून हिनं पुरुषाचा घेतलेला. मला म्हातारीचा नको होता, हिला बाईचा. दोघीही मिशा लावून बसलेल्या.

हसून झाल्यावर आठवलं, की ती कजाग म्हातारी मीच की.

लगेच सांगून टाकायचं होतं, पण मला गंमत सुचली. दुसऱ्या दिवशी डावाआधी लिहिलं, "वाघा, तुझी म्हातारी लई छळती काय रे?" वाटलं, चार शिव्या ऐकू, मग संध्याकाळी एकेकीचा हिशोब घेऊ. मग रांजणातनं आवाज आला, "छळत न्हाई हो. वाईट न्हाई ती. पण धा वर्सं झाली, माझ्या हातचं कदी चांगलं म्हणाली न्हाई. तिला मी आवडतच न्हाई भौतेक. तुमी बटण दाबून रोज शाबास म्हणता ना, तेवढ्यासाठीच येतो मी हितं."

अगं, माझी गंमत तिथंच विरली. त्या डावात मी विमानातनं उतरले आणि उभीच राहिले. कुणीतरी येऊन मारून गेलं.

आवडत नाही म्हणे! आवडत नसती तर मी कशाला... पण म्हणाले कधी होते? 'शाबास'चं बटण रोज वीस वेळा दाबते, आणि घरात दहा वर्षांत एकदा तोंड उघडलं नाही. माझ्या सासूनं मला म्हटलं नव्हतं, म्हणून मीही नाही म्हटलं. असंच असतं असं वाटायचं.

त्या संध्याकाळी ठरवून बसले. आमटीचा भुरका मारला आणि म्हटलं, "आज आमटी..." पुढं 'चांगली झालीय' म्हणायचं होतं. ती घाबरून बघायला लागली. मी म्हटलं, "मीठ बरोबर आहे."

"जास्त झालं का आत्या?"

"बरोबर आहे म्हटलं की!"

"कमी हाय?" ती मिठाचा डबा घेऊन आली. तुझा भाऊ आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत, ताट उचलून टीव्हीपुढं गेला.

सांगावं तरी भीती. कळलं की ही शरमेनं गेम सोडून देईल. तिची तेवढी एक जागा जाईल आणि माझा वाघ जाईल. न सांगावं तर, आत्यांना आपण आवडतच नाही हे मनात घेऊन ती रोज माझ्या गुडघ्याला तेल लावणार. तीन दिवस मला शिरा गोड लागला नाही.

चौथ्या दिवशी ती गच्चीवर गेल्यावर मी फोन घेतला आणि जिना चढले. अठरा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर तुझ्या बापाची आठवण काढली, एवढा उभा जिना कशाला बांधला म्हणून. गच्चीच्या दाराशी शेवटच्या पायरीवर टेकले. दाराच्या फटीतनं ती दिसत होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पदर खोचून, पाठमोरी. समोर शेंगा.

डाव लागला. असे खेळलो, असे खेळलो की विचारू नकोस. शेवटी बेटावर तिघंच उरलो. आम्ही दोघी आणि खडकाआड एक जण. तेवढ्यात कावळा शेंगांवर उतरला, हिनं मान वळवली, आणि तिकडं वाघाला गोळी लागली. वाघ गुडघ्यावर आला.

आता तिचा आवाज मला दोनदा ऐकू येत होता. दारातनं बारीक, वायरीतनं जाड. "ठसकाभाऊ, मला सोडा! तो खडकाआड हाय, तुमी जावा, जिंका!"

आयुष्यात पहिला नंबर कधी आला नाही गं माझा, ना शाळेत ना कारखान्यात. तो समोर दिसत होता. खडकाआडच्याची टोपी दिसत होती, नुसती बोट टेकायची देर.

मी धावत वाघाकडं गेले, उठवायचं बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं माईक उघडला.

"सोडायला तू काय वाटंवर पडलीयास? गप पड, उठवती तुला. आन ऐक, शिरा चांगला होता. पयल्या दिवसापासनं चांगला होता. आमटीबी चांगली असती तुझी, धा वर्सं झाली खाती मी. आन त्या कावळ्याला आधी हाकल, निम्म्या शेंगा नेल्या त्यानं!"

मग फोनातनं तो रांजणातला आवाज आला, एकदम कापरा.

"आत्या?"

एवढा दांडगा गडी मला आत्या म्हणतो, म्हणून मला जे हसू फुटलं, ते दारापलीकडं ऐकू गेलं. तेवढ्यात खडकाआडच्यानं येऊन आम्हा दोघींना उडवलं. दुसरा नंबर.

दार उघडून ती उभी. हातात फोन, तोंड पांढरं. "आत्या, मी तुमाला... म्हातारी म्हणलं."

"मी कजाग म्हटलं. बस हितं."

ती पायरीवर माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "म्हंजे ते शिऱ्याचं..."

"माझंच डोकं."

"आन गुडघ्याचं तेल?"

"तेपण."

तिनं पदर तोंडाला लावला. रडतीय काय म्हणून बघितलं, तर खांदे हसण्यानं उडत होते. "उद्यापासनं शिरा बंद, आत्या!" म्हणाली. इतक्या वर्षांत मला दिलेली तिची पहिली धमकी. मला फार बरं वाटलं. पण म्हटलं, "तसं काई करू नगंस. सवय लागलीय." उतरताना तिनं माझा हात धरला आणि प्रत्येक पायरीवर शिकवत आली: खडकाआड माणूस असला की सरळ धावायचं नसतं, आत्या, आधी धुराचा गोळा टाकायचा असतो.

तर हे असं. तुझ्या वहिनीचं कौतुक मी का करते, ते कळलं आता? दहा वर्षांची थकबाकी आहे, फेडतेय. तुझ्या भावाला यातलं काही माहीत नाही आणि तू सांगायचंही नाहीस. दुपारी दोघीही झोपतो, एवढंच त्याला माहीत.

फक्त टोळी चौघांची असते. आम्ही दोघी, आणि उरलेली दोन पोरं कुठली तरी येतात, माझा आवाज ऐकून पळतात. मी आता माईक बंद करत नाही, पळणाऱ्यांनी खुशाल पळावं. पण दोन जागा रिकाम्या राहतात. तू ये, तुझ्या लेकीला आण. तुला काही येत नसलं तरी चालेल, पडलीस तर उठवायला आम्ही दोघी आहोत.

आणि लहानपणापासनं तुलाही मी कधी काही म्हटलं नाही, हे त्या पायरीवर बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलंय. ते काही वहीत लिहिणार नाही आणि फोनवरही सांगणार नाही. इथं, समोर बसल्यावर सांगेन. या रविवारी ये. शिऱ्याचा रवा वहिनीनं आणून ठेवलाय. चार्जर मात्र तुझा आण, घरातल्या एकावरनं आमची दोघींचीच रोज ओढाताण असते.