कार्ला फाट्यापर्यंत

पेट्रोलआबांच्या पावलाची लांबी सगळीकडे एकच असायची. देवळात जाताना, रानात जाताना, अगदी लग्नाच्या वरातीतसुद्धा. जन्मभर रुळांखालच्या, सारख्या अंतरावरच्या स्लीपरवरून चाललेले पाय, ते दुसरं काही शिकायला तयारच नव्हते. कान्ह्यात आमच्या दारावरून ते गेले की भांडी घासताना मान वर न करताही मला कळायचं, हे आबा. 'पेट्रोल' हे नाव नोकरीनं दिलेलं. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात रात्रभर रुळांवर गस्त घालायची, दरड आली का, खडी वाहून गेली का बघायचं आणि तसं काही दिसलं तर गाडी थांबवायची, त्या माणसाला रेल्वेत पेट्रोलमन म्हणतात. आबांनी निवृत्तीपर्यंत तेच केलं.

मी, सुनंदा आणि वैशाली नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात एकाच लाइनवर कामाला. आमच्या भागात दर हिवाळ्यात मदत जमवण्यासाठी रात्रभर चालण्याचा एक कार्यक्रम होतो. कान्ह्यातून निघायचं, जुन्या हायवेनं पहाटेपर्यंत खंडाळा गाठायचा आणि जमलेली मदत डायलिसिसच्या गरीब पेशंटांना द्यायची. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी आम्ही तिघी गेलो त्या टी-शर्टसाठी आणि एक रात्र घरच्यांच्या तावडीतून सुटण्यासाठी. परत आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात गळ्यातलं पदक आबांना दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "एका रातीला येक? मंग माज्या घरात ठिवायला जागा उरली नसती."

नंतर आबांच्याच किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनला जायचं आणि दिवसाचं पाणी मोजून प्यायचं. मावशी, म्हणजे त्यांची बायको, एका छोट्या थर्मासमध्ये बर्फाचे खडे भरून द्यायच्या. तहान लागली की आबा एक खडा जिभेखाली ठेवायचे आणि तोंड मिटून बसायचे. तेवढा वेळ ते गप्प असत, म्हणून मावशी दोन खडे जास्तच घालतात असं आम्ही चिडवायचो. भेटायला येणारा प्रत्येक जण तोंड बारीक करून तब्येत विचारायचा, आणि आबांना तेच सोसायचं नाही. "रगात मशीन फिरवती," ते म्हणायचे, "पाय अजून मीच फिरवतो."

त्या वर्षी सराव म्हणून आम्ही रविवारी सकाळी कामशेतपर्यंत चालायला लागलो, तर दुसऱ्याच रविवारी आबा टोपी घालून दारात उभे. मावशी आतून ओरडत होत्या, "अवो, घरात बसा की जरा." ऐकतो कोण. आमच्या चालण्यात त्यांना शंभर चुका दिसायच्या. हात फार हलतात, बुटाची नाडी सैल आहे, बोलता बोलता हसता म्हणून दम लागतो. "हसायचं आसंल तर थांबून हसा," असा हुकूमच होता. आणि एक वाक्य तर इतक्यांदा ऐकलं की सुनंदा लाइनवर मशीन सुरू करतानाही ते म्हणायची: "चढाला घाई न्हाई, उताराला माज न्हाई."

तीन-चार रविवार झाले आणि आबा म्हणाले, "पोरींनो, माजं बी नाव घाला." आम्ही चाळिशीच्या, पण त्यांच्या लेखी पोरीच. आम्ही फॉर्म भरला. फॉर्मला डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती. डॉक्टर म्हणाले, दम लागेपर्यंत चाला, थांबवत नाही, पण रात्रभर चालायला चिठ्ठी देणार नाही. झालं, नाव कटलं.

मग एके दिवशी कार्यक्रमाचा प्रमुख स्वतः घरी आला. पोरगा चांगला होता, पण बोलायचा ते कायम माइकमध्ये बोलल्यासारखं. आम्ही त्याला माइकवाला म्हणायचो. तो म्हणाला, "आबा, तुम्ही आमचं प्रेरणास्थान आहात. खंडाळ्याला स्टेजवर तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो. रात्री गाडीनं नेतो. पहाटे तुमच्याच हस्ते सगळ्यांना पदकं."

आबांनी बर्फाचा खडा गालात सरकवला. "म्हंजी रातभर मी खुर्ची राखायची? ती काय पळून चालली का?"

"तसं नाही आबा. तुम्हाला काही झालं तर जबाबदारी आमची."

"घाटात मला काय झालं आस्तं तर कुनाची होती?" आबा म्हणाले. "आमच्यासाठी चालताय ना? मंग मी हाय की हितं. मला संगं घिऊन चाला."

माइकवाल्याची भीती अगदीच खोटी नव्हती, हे मला आज कळतं. तेव्हा कळून घ्यायची इच्छाच नव्हती. ज्यांच्यासाठी चालायचं त्यांनीच तेवढं चालायचं नाही, त्यांनी शाल पांघरून बसायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या, या गोष्टीची मला मनस्वी चीड आली होती. आबांना पदक नको होतं, दया तर नकोच होती. चालणाऱ्यांमध्ये आपली गणती व्हावी, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं.

कार्यक्रमाच्या रात्री आबा स्वेटर, कानटोपी आणि थर्मास अशा थाटात हजर झाले. छातीवर नंबर नव्हता. माइकवाला आमच्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे तुमच्याबरोबर चालले तर तुमची नोंद धरता येणार नाही." वैशाली आमच्यातली सगळ्यात गरीब गाय. तिनंच आधी छातीवरचा नंबर टाचणीसकट काढला आणि त्याच्या हातात दिला. मग सुनंदानं, मग मी. त्यानं नंबर खिशात घातले आणि बाजूला झाला. पण एक गोष्ट केली. आमच्या मागे अ‍ॅम्ब्युलन्स लावून दिली.

कामशेतपर्यंत आबा आमच्या पुढे होते. पाण्याच्या टेबलावर पोरं बाटल्या पुढे करायची, तेव्हा आबा हात जोडून म्हणायचे, "माजं पिऊन झालं, मागच्या जन्मात." कामशेत सोडल्यावर मात्र त्यांचं बोलणं थांबलं. थर्मासमधले खडे वाजेनासे झाले. मी दोनदा विचारलं, थांबायचं का. त्यांनी फक्त हातानं पुढचा रस्ता दाखवला. पाऊल तेवढंच, फक्त दोन पावलांमधला वेळ वाढत चाललेला. मनातून मी पार घाबरले होते. हा माणूस हट्टापायी रस्त्यात पडणार आणि मावशींना तोंड कसं दाखवायचं, हेच डोक्यात फिरत होतं.

कार्ला फाट्याला आबा रस्त्याच्या कडेला होऊन आपले आपण थांबले. "माजी बीट संपली," म्हणाले.

मला वाटलं, आबा हरले. मी समजूत घालायला गेले तर माझ्यावरच उखडले. "येडी का खुळी? अगं, आख्खा घाट कंदी येका पेट्रोलमननं चालला नव्हता. ज्याचा त्याचा तुकडा आसतो, त्याला बीट म्हनायचं. आपली बीट चालायची, समोरनं दुसरा येतो, त्याची गस्तीची वही आपून घ्यायची, आपली त्याला द्यायची, आन मागं फिरायचं. फुडचा रस्ता त्याचा. माज्यानं हितवर झालं. फुडचं तुमी बगा."

अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दार उघडून म्हणाला, "आबा, बसा." आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आजारी मानसाला लागंल." त्यांचा मुलगा मोटारसायकल घेऊन येईपर्यंत ते बंद टपरीच्या खांबाला धरून उभेच राहिले, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला नाडी बांधायला सांगत राहिले.

आम्ही तिघी खंडाळ्याला पोचलो तेव्हा उजाडलं होतं. स्टेजवर आबांच्या नावाची खुर्ची रिकामी होती. आमची नावं पुकारली गेली नाहीत. मी सरळ वर चढले आणि माइक मागून घेतला. जन्मात कधी माइक धरला नव्हता. "कान्ह्याचे आबा कार्ला फाट्यापर्यंत चालले. लिहून घ्या," एवढंच बोलून मी खाली उतरले. टाळ्या पडल्या की नाही, आठवत नाही. सुनंदानं दंड धरला, तेवढं आठवतं.

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. मशीनवरून घरी आले, दुपारी झोपले ते उठले नाहीत. दारावरून ती पावलं जाईनाशी झाली आणि कितीतरी दिवस मला भांडी घासायला मागच्या अंगणात जावं लागलं. रडू यायचं, दुसरं काय.

हिवाळ्यात माइकवाला आला. आबांचा फोटो मोठ्या फलकावर लावायचा म्हणाला. मी म्हटलं, फोटो लावा नाहीतर लावू नका, आधी फॉर्म बदला. ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यानं चालावं आणि तेवढंच त्याच्या नावावर धरावं. त्यानं खूप आढेवेढे घेतले. आम्ही तिघींनी सांगितलं, मग आमचं आम्ही निघतो, हायवे काही तुमचा नाही. शेवटी फॉर्मात एक रकाना वाढला: 'कुठून कुठपर्यंत चालणार?' त्या वर्षी मशीनला जाणारे पाच जण चालले. एक बाई तर डॉक्टरांना विचारून कान्ह्याच्या फाटकापर्यंतच चालली आणि पेढे वाटून घरी गेली.

आणि कार्ला फाट्याला मावशी उभ्या होत्या. पदर खोचलेला, पायात मुलाचे बूट, ते सुटू नयेत म्हणून वरून सुतळी बांधलेली. त्यांनी 'कार्ला फाटा ते खंडाळा' असा फॉर्म कुणाकडून भरून घेतला होता, आम्हाला पत्ता नाही. माइकवाला धावत आला. म्हणाला, "मावशी, आबांचं अपुरं राहिलेलं पुरं करायला आलात."

मावशींनी बुटावरची सुतळी पुन्हा एकदा आवळली.

"त्यांचं काय बी अपुरं ऱ्हायलं न्हाई," त्या म्हणाल्या. "ही माजी बीट हाय. सरक, वाट दे."