साहेबांच्या हाती घाण पाणी कसं देऊ?

आमच्या लॅबमध्ये तपासून झालेलं पाणी ओतून देता येतं. किस्से कुठे ओतणार? ते साचतच जातात! भंडाऱ्यात पाणी तपासायच्या नोकरीत माझी चौदा वर्षं गेली. गावोगावचे लोक बाटली आणतात, मी तपासते, साहेब सही करतात. 'पिण्यायोग्य' की 'अयोग्य', एवढंच लिहायचं. पण त्या एका शब्दाच्या भरवशावर अख्खं गाव पाणी पितं.

*

एकदा हायवेकडच्या गावचा एक माणूस बाटली घेऊन आला. पाणी फ्रिजमधून काढल्यासारखं गार! मी विचारलं तर म्हणतो, "मॅडम, गाडीवर झाकण निंघालं, समदं सांडलं. मंग रस्त्यातल्या शहापूरच्या एका हॉटेलातून भरून घेतलं. पाणी तं पाणीच असते ना!"

"मग रिपोर्टवर नाव कोणाचं लिहू?"

"आमच्या गावाचंच लिहा! हॉटेलवाल्याले कायले पाह्यजे रिपोर्ट?"

*

बोरिंगचं पाणी खराब निघालं की आम्ही हातपंपाला लाल रंग मारतो. एका घरासमोर ब्रश बुडवला, तेवढ्यात घरातली बाई धावत आली. "मॅडम, उद्या पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राहिले. लाल बोरिंग पाहून सोयरीक मोडन ना! परवा मारा."

"अहो, पण पाहुणे हेच पाणी पितील!"

"त्यायच्यासाठी कॅन बोलावली हाय."

"आणि तुम्ही?"

"आमी तं रोजच पेतो!"

मी रंग मारला. त्या बाईने धाडकन दार लावून घेतलं. अजूनही वाईट वाटतं.

*

आमचे साहेब कुठल्याच गावात पाण्याचा थेंब तोंडाला लावत नाहीत. कोणी ग्लास पुढे केला की हात जोडून म्हणतात, "आज उपास आहे." कारध्याच्या एका म्हातारीने तीन फेऱ्यांत हे ऐकून घेतलं. चौथ्या फेरीला म्हणाली, "उपासाले पाणी चालते ना, बापा!"

"निर्जळी आहे," असं म्हणून साहेब जीपकडे सुटले!

*

आता डोमाजी काका. कोंढ्याकडच्या एका गावात नळाला पाणी सोडण्याचं काम त्यांच्याकडे. नळाची विहीर नदीकाठी, नदीला वरून शहराची घाण येते, तरी काकांची बाटली दर वेळी एकदम पास! साहेब ती उजेडात धरून सगळ्यांना दाखवायचे, "याला म्हणतात काम!"

मागच्या पावसाळ्यात त्याच गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. काकांची सहा वर्षांची नात भंडाऱ्याच्या दवाखान्यात सलाईनवर होती. आणि आमच्या ताज्या रिपोर्टवर 'पिण्यायोग्य', खाली साहेबांची सही! जीपमध्ये रस्ताभर मी तपासणीची वही उलटत होते. तपासताना मीच चुकले की काय, अशी भीती वाटत होती.

काकांच्या अंगणात साहेबांनी उभ्या उभ्याच विचारलं, "काका, बाटली कशी भरता?"

"पहिले कपड्यानं गाळतो, मंग चुलीवर उकळतो, थंड झालं का भरतो. साहेबांच्या हाती घाण पाणी कसं देऊ?"

साहेब ओरडलेच, "मग घरी का नाही उकळत?"

काका गोंधळले. मग खिशातून घडी केलेला आमचा रिपोर्ट काढला. "तुमीच तं लिहून देलं ना, पिण्यायोग्य हाय म्हणून! मंग घरी कायले उकळू?"

तेवढ्यात काकू ताटलीत दोन ग्लास घेऊन आल्या. नळाचंच पाणी, साहेबांनी सही केलेलं. "दुरून आले, पाणी घ्या."

मी साहेबांकडे बघितलं. उपासाचं नाव नाही. त्यांनी ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, "काकू, पाणी उकळायला चूल पेटवा."