गल्लीला अर्धा तास

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील कामगार संघटनेत. छापखान्यातून आलेले गठ्ठे सोडून पत्रकांना घड्या घालायच्या, हा माझा लहानपणीचा खेळ. त्यामुळे शिरवळच्या पाण्यावर मी पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा वडलांना माझं लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. त्यांनी ते अंगणातल्या नळावरच्या भिंतीला स्वतः खळ लावून चिकटवलं.

कंपन्या आल्या तशी आमच्या गल्लीत माणसं वाढली. गोठ्यांच्या खोल्या झाल्या. आमच्याही गोठ्याच्या पाच खोल्या झाल्या, भाड्याने गेल्या, आणि त्या पाचांना मिळून तो एक नळ. गावाची टाकी मात्र माझ्या जन्माआधीची, तेवढीच.

पाणी सोडणारे आबा खांद्यावर लोखंडी चावी टाकून गल्लीगल्लीचे कॉक फिरवत. बंगल्यांच्या गल्लीला वीस मिनिटं, आमच्या गल्लीला तास. हा तास वडलांच्या वजनामुळे मिळतो, असं मी धरून चालले होते. स्वतःच्या फायद्याविरुद्ध लिहितेय याचा मला केवढा अभिमान! पत्रकात मागणी केली: सर्व गल्ल्यांना समान वेळ. ग्रामसभेने ठराव केला, रोज सकाळी गल्लीला अर्धा तास. टाळ्या वाजल्या. बंगलेवाल्यांच्या सगळ्यात जोरात वाजल्या, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात आबांना रस्त्यात गाठलं. नळावर रोज भांडणं होत होती.

"आदी मी बादल्यांची रांग बगून सोडत हुतो," ते म्हणाले. "आता घड्याळ बगून सोडतो. तुझ्या कागदात बसतंय तेवढंच."

आमच्या शेवटच्या खोलीत जतकडची एक बाई राहायची. नवरा, दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. ती कंपनीत पॅकिंगला होती. आधी साडेपाचला येणारं पाणी आता सहाला यायचं, कंपनीची बस साडेसहाला सुटायची. शेवटची खोली म्हणून रांगेत तिचा नंबर शेवटचा. तीनदा उशीर झाला की ठेकेदार नाव काढायचा. तिचा दोनदा झाला होता.

"ताई, आमच्याकडं टँकर यायचा तवा मान्सं मोजायचे," एका सकाळी ती म्हणाली. "माणशी दोन घागरी. हितं गल्ल्या मोजत्यात व्हय?"

"ताईंनीच मोजल्यात की!" रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्याजणी हसल्या. तीही हसली.

मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं: माणसं मोजा. वही घेऊन सुरुवात घरापासूनच केली.

"खोल्यांत किती जण ते लिहून दिलं, तर पंचायतीला या बिननोंदीच्या खोल्या दाखवाव्या लागतील," वडील म्हणाले. "जरा थांब." त्यांनी वही परत केली. माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

भाडेकरूही नावं सांगेनात. "नगं ताई, रेशनकार्ड गावाकडं हाय. उगा मालक खोली खाली कर म्हनायचे." मालक म्हणजे माझे वडील. पुढच्या ग्रामसभेत मी तरीही विषय काढला, तर एकाने सरळ विचारलं, "मतदार यादीत नाव न्हाई, त्यांचं पाणी कशात धरायचं?" यावर मात्र कुणी टाळी वाजवली नाही. तशी गरजही नव्हती. विषय संपला होता.

आई आमच्या घरातल्या नळाचं पाणी त्या जतच्या बाईला द्यायला लागली. पण तोही त्याच अर्ध्या तासातला. दोन दिवसांत बाकीच्या चार खोल्या हंडे घेऊन दारात आल्या. नाही कुणाला म्हणायचं? आईने हात जोडले.

तिसरा उशीर झाला. त्या सकाळी ती हायवेपर्यंत पळत गेली आणि तशीच चालत परत आली. भरलेल्या दोन बादल्या दारातच होत्या. महिनाअखेरीला सासूला रिक्षात बसवून ते सगळे जतला निघाले.

"तिकडं आता पाणी आहे?" मी विचारलं.

"न्हाई. पर यादीत नाव हाय."

आठ दिवसांनी खोली पुन्हा भरली. या वेळी सातजण. नव्या बाईने नळाजवळ येऊन पत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, पाण्याला आमचा नंबर कितवा?"

"शेवटचा," मी म्हणाले.

तिने बादली रांगेच्या टोकाला ठेवली.