कार्डाखालचा तांदूळ

मलकापुरात माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि सर्टिफिकेटच्या प्रॅक्टिकलला परीक्षकही मीच असे. त्या वर्षी उमेदवार म्हणून समोर बसला तो माझ्याच क्लासात पूर्वी शिकवणारा शिक्षक. मला सोडून त्याने समोरच्याच गाळ्यात स्वतःचा क्लास टाकला होता. तो दिसला की माझ्या तोंडाची चव जायची. पुण्यात त्याची नोकरी ठरली होती. अडलं होतं फक्त या सर्टिफिकेटवर.

प्रश्न सोपा होता. सर्व्हरच्या डिस्क सांभाळणारं कंट्रोलर कार्ड प्रतिसाद देत नाही, कारण शोधा. केबल मीच सैल करून ठेवली होती. ती त्याने दोन मिनिटांत घट्ट केली, तरी कार्ड दिसेना. केबल बदलली, सर्व्हर पुन्हा चालू केला. तेच.

"सर, केबल ठीक आहे. कार्ड काढून पाहू द्या."

"कार्डाले हात लावायचा नाही."

"काऊन? परीक्षकाले विचारून काढता येते, नियमात आहे."

"विचारलं ना? मी नाही म्हटलं. क्लास काढला म्हणून लय शहाणा झाला काय बे?"

उरलेला वेळ तो हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसला. मी शेरा लिहिला: निदान चुकीचे. नापास.

सगळे गेल्यावर मी कार्ड उपसलं. ते बसतं त्या खाचेत कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा अडकला होता. दोनच दिवसांपूर्वी दसऱ्याला धूळ पुसायला मी कार्ड काढलं होतं आणि उघड्या सर्व्हरवरच अक्षता टाकल्या होत्या. मग कार्ड तसंच दाबून बसवलं. चालतं का, तेही पाहिलं नाही. निकाल अजून माझ्याच टेबलावर होता. दाणा खिशात टाकला आणि शेरा तसाच पाठवला. त्याची नोकरी गेली. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

यंदा, सत्तरी उलटल्यावर, त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्याने 'बसा' म्हटलं नाही. लिहून द्या, एवढंच म्हणाला. मी उभ्यानेच लिहिलं. त्याने वाचून एका ओळीवर बोट ठेवलं. 'खाच तपासायची राहून गेली,' असं मी लिहिलं होतं.

"राहून नाही गेली. तुम्ही मले तपासू नाही दिली."

मी ती ओळ खोडली आणि त्याने सांगितली तशी लिहिली.