जनाबाईंच्या घरची चौकशी

जनाबाईंचा अर्ज नामंजूर करावा, असा शेरा मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. हे आधीच सांगितलेले बरे.

सेवानिवृत्तीनंतर, निराधारांना दरमहा सरकारी मदत देणाऱ्या नागपुरातल्या एका समितीवर माझी सदस्य म्हणून नेमणूक झाली. अर्जदारांच्या घरी चौकशीला आम्ही तिघे जात असू: मी, निवृत्त ओव्हरसियर वानखेडेसाहेब आणि कचेरीतले लिपिक ठवकर. शेवटची सही तहसीलदारांची.

शाळेतल्या तेहतीस वर्षांत जमले नाहीत इतके किस्से या समितीच्या चार वर्षांत जमले. दाराशी आलेल्या माणसाला रिकामे पाठवायचे नाही, असा या लोकांचा कटाक्षच होता. घरात देण्यासारखे दुसरे काही नसले, तर निदान एखादा किस्सा मिळे! मी त्यांची ऋणी आहे.

*

जनाबाई तांडापेठेत राहत. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. विणकरांना सुताच्या कांड्या भरून देऊन त्या पोट भरीत. पुढे हात थरथरू लागले, सूत तुटू लागले आणि कामही तुटले.

नियमाप्रमाणे ठवकरांनी आठ दिवस आधी निरोप पाठवला होता. आम्ही गेलो, तो दाराशी रांगोळी! आत हातांची खुर्ची, मांडणीवर स्टीलचे डबे, भिंतीवर लंबकाचे घड्याळ! मी शेरा लिहिला, "परिस्थिती समाधानकारक. मदतीची निकड दिसत नाही." शेऱ्यात एकही काना-मात्रा चुकली नव्हती. अर्ज नामंजूर झाला.

दोन महिन्यांनी पलीकडच्या गल्लीत एका अपंग विणकराच्या घरी आम्ही बसलो होतो. ठवकर सारखे भिंतीकडे पाहत होते. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले,

"बाई, जनाबाईच्या घरचं घड्याळ वीस मिनिटं मागं होतं. हेही वीसच मिनिटं मागं आहे!"

ठवकरांच्या त्या नजरेचे उपकार मी विसरलेले नाही. जनाबाईंच्या भिंतीवरचे घड्याळ उसने होते, आणि बाकीचेही बहुधा तसेच. दुसऱ्याच दिवशी मी फेरचौकशीची मागणी लिहून दिली.

वानखेडेसाहेबांनी बजावले, "फेरचौकशी एकदाच होते, बाई. या वेळी अर्ज गेला, तर कायमचा गेला."

*

फेरचौकशीची तारीख मिळेपर्यंत बाकीची कामे चालूच होती.

एक दिवस एक अंध आजोबा कचेरीत आले. ठवकरांनी सवयीने अर्ज त्यांच्या हातात दिला. "वाचून घ्या, मग अंगठा द्या."

आजोबांनी तो दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरला, बराच वेळ तसाच ठेवला आणि अदबीने परत केला. "लय चांगलं लिवलं, साहेब! अक्षर तं मोत्यावानी हाय!"

वानखेडेसाहेब खुर्चीतून उठलेच. "पाहा! यांना दिसतं!"

आजोबांच्या पत्नीने कपाळाला हात लावला. "काहून जी असं बोलता?"

"एवढा मोठा साहेब वाच म्हनून राहिला, त्याले नाही कसं म्हनू वं?"

अर्ज त्यांनी उलटा धरला होता, एवढे मी वानखेडेसाहेबांच्या निदर्शनास आणून दिले.

*

वानखेडेसाहेब मनाने वाईट नव्हते. मतांचे पक्के होते. योजनेत सुधारणा हवी, चौकशी कडक हवी आणि दरवर्षी प्रत्येकाची फेरतपासणी हवी, असे ते प्रत्येक बैठकीत सांगत. "सरकारचा पैसा म्हणजे लोकांचा पैसा!" हे मलाही मान्य होते. "पण फुकटची सवय लागली की माणूस हात हलवत नाही!" हे मात्र मान्य नव्हते, आणि मी तसे बोलूनही दाखवी.

एकदा ठवकरांना राहवले नाही. "साहेब, पेन्शन तर तुम्हीही घेता!"

"तीस वर्षं नोकरी केली मी, ठवकर!"

दाराशी एक आजी आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "म्या साठ वर्सं लोकायचे भांडे घासले, बापा. मले कोनी रिटायरच नाही केलं!"

सारी कचेरी हसली. वानखेडेसाहेब हसले नाहीत. त्यांनी आजींना आत बोलावून खुर्ची दिली. फेरतपासणीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

*

नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या सुमनबाईंना मदत सुरू होती; त्यांनी तर आम्हाला पेचातच पाडले. "माही पोरगी नर्स झाली, बाई. तिचा पगार सुरू झाला. आता हे बंद करा."

ठवकरांनी दोन कपाटे धुंडाळली. "सुरू करायचा फॉर्म आहे. बंद करायचा नाही. आजवर कोणी मागितलाच नाही!"

सुमनबाई तीनदा येऊन गेल्या. अखेर मी कोरा कागद घेतला. "कारण काय लिहू?"

"लिवा, आता दुसरीचा नंबर."

मी ते तसेच लिहिले. लोकांची वाक्ये दुरुस्त न करण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात फार थोडे आले. साक्षीदार म्हणून सही वानखेडेसाहेबांनी केली, तीही न सांगता!

*

जनाबाईंकडे या वेळी निरोप न देता जायचे, ही वानखेडेसाहेबांची अट होती. "अचानक गेल्याशिवाय खरं कळत नाही." मी ती मान्य केली.

सकाळी अकराच्या सुमारास आम्ही दार ढकलले. आत एक चूल, एक जर्मनचे पातेले, एक ताट आणि दोरीवर एक लुगडे होते. पातेल्यात मूठभर कण्या शिजत होत्या. ठवकर लिहू लागले.

जनाबाई धडपडत उठल्या. "अगं माय! सांगून तं याचं होतं, बाई!" आणि आम्ही थांबवण्याच्या आत त्यांनी दारातून शेजारणीला हाक मारली, "शेवंते, साहेब लोक आले वं!"

क्षणात सारी गल्ली हलली. शेजारच्या भिंतीवरून खुर्ची आली. समोरून कपबश्या आल्या, त्यांच्यामागून साखर, दूध आणि एका वहिनींची नवी सतरंजी. एका विणकराने टेबलफॅन आणून वानखेडेसाहेबांच्या तोंडासमोर मांडला. जनाबाईंच्या घरात वीज नव्हती!

हे सारे आमच्या डोळ्यांदेखत चालले होते. कोणी काही लपवत नव्हते.

मला राहवले नाही. "जनाबाई, अशा उसन्या वस्तूंमुळेच तुमचा अर्ज गेला होता."

"माहीत हाय, बाई. ठवकरबाबूनं सांगतलं मले."

"या वेळी गेला, तर पुन्हा करता येणार नाही. तेही माहीत आहे?"

"तेही सांगतलं."

"मग आज पुन्हा हे काहून?" त्या बाईंशी बोलताना माझ्याही तोंडी 'काहून' आले.

जनाबाईंनी खुर्ची पदराने पुसली. "मंग काय पावन्याले उभं ठेवू?"

वानखेडेसाहेब त्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी ठवकरांकडून कागद मागून घेतला.

तिथेच ठरले ते असे. माझा पूर्वीचा शेरा रद्द करावा. जनाबाईंना मदत मंजूर करावी. यापुढे चौकशीच्या वेळी घरात मांडलेल्या वस्तूंवरून कोणाची परिस्थिती ठरवू नये. तिन्ही सूचना वानखेडेसाहेबांनी मांडल्या, अनुमोदन मी दिले, ठवकरांनी लिहून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी सही केली.

चौथी सूचना माझी होती: समितीच्या सदस्यांनी अर्जदाराच्या घरी काहीही खाऊ-पिऊ नये. तिला वानखेडेसाहेब आणि ठवकर, दोघांचीही संमती होती. जनाबाईंनी ती जागच्या जागी फेटाळली, आणि सबंध गल्लीने त्यांना पाठिंबा दिला.