चाळीस फुटांचं उत्तर

बाई समोरच्या माणसाकडे आधी पाहायच्याच नाहीत. आधी माल पाहायच्या. अंगठ्याच्या नखाने माशाचा कल्ला वर उचलायचा, आत लाल आहे की काळं पडलंय ते बघायचं, आणि मग मान वर करून विचारायचं, "कालचा हाय ना?" पुढे मंत्री झाल्यावर त्यांच्या हातात माशाऐवजी फाइल आली, एवढाच फरक पडला. फाइलचं वरचं पान त्याच अंगठ्याने उचलायच्या आणि समोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला म्हणायच्या, "कल्ला उघडा, साहेब. आतलं दाखवा."

मी त्यांना मंत्री होण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होतो. नागभीडच्या आठवडी बाजारात त्या आईसोबत मासोळीची पाटी घेऊन बसायच्या. मी सायकलवर बर्फाची पेटी बांधून फिरणारा साधा व्यापारी. कधी मी त्यांच्याकडून तलावाची मासोळी घ्यायचो, कधी त्या माझ्याकडून बाहेरून आलेली बर्फातली. आमचा एकही सौदा भांडणाशिवाय झाला नाही. मी तापट माणूस. तीनदा पाटी लाथेने सरकवून निघून गेलोय आणि तीनदा परत आलोय. त्या हसायच्या. "या भाऊ, पाणी प्या. राग थंडा झाला की भाव बोलू."

त्या बाजाराचा एक नियम होता, तो इथेच सांगतो, कारण माझी तक्रार त्या नियमावरच उभी आहे. शेवटचा भाव ठरताना विकणारी बाई बोलत नाही. ती गप्प बसते आणि घेणारा चढत जातो. तिला भाव पटला की ती पाटी उचलून देते. नाहीच पटला तर पाटीवर पळसाची पानं झाकते. पानं झाकली, सौदा संपला. पाटी उघडी आणि बाई गप्प, म्हणजे सौदा चालू आहे, अजून थोडं चढा. आमच्याकडे लहान पोरालाही हे कळतं.

बाई आधी सरपंच झाल्या, मग आमदार, आणि दुसऱ्या खेपेला राज्यमंत्री. गावखेड्याचं आणि पर्यावरणाचं अशी दोन खाती मिळाली. शपथविधीच्या दिवशी आमच्या मासळी बाजारात एवढे फटाके फुटले की कोंबडी बाजारवाल्यांनी पोलिसांत तक्रार केली. निवडणुकीत माझ्या गाड्या त्यांच्या प्रचाराला फिरल्या होत्या. तोवर मी सायकलवरून गाड्यांवर आलो होतो आणि बर्फाचा कारखानाही टाकला होता. बापाने मला काही ठेवलं नव्हतं, हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं. तेव्हा मंत्र्याच्या गाडीमागे माझी गाडी चालली तर छाती फुगणारच. फुगली.

विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं आधी अधिकारी लिहितात, ती छापली जातात आणि मंत्री सभागृहात उभा राहून त्यांचं समर्थन करतो. बाईंना ती उत्तरं समजत नसत. "सदर बाब तपासण्यात येत असून", असं काही आलं की त्या थांबवायच्या. "हे माया मायले समजन काय?" नागपूरच्या अधिवेशनाला आई त्यांच्यासोबत बंगल्यावर राहायची. मग साहेब लोकांना व्हरांड्यात म्हातारीसमोर बसून उत्तर वाचून दाखवावं लागायचं. म्हातारीने मान हलवली तर उत्तर पुढे. म्हातारीला डुलकी लागली तर उत्तर परत. एका मोठ्या साहेबाचं तळ्यांवरचं उत्तर तीन वेळा परत गेलेलं मी स्वतः पाहिलंय. चौथ्या वेळी त्याने कोट काढून ठेवला आणि हातवारे करत सांगितलं, तेव्हा कुठे म्हातारी म्हणाली, "हं. म्हणजे गाळ काढलाच नाई म्हणा ना."

खाणीजवळच्या एका गावातल्या धुळीचा प्रश्न आला होता. उत्तरात लिहिलं होतं, 'आवश्यक त्या उपाययोजना करण्यात येत आहेत.' बाईंनी त्या अधिकाऱ्याला काही विचारलं नाही. त्याच दिवशी त्याला गाडीत घातलं, गावात नेलं, रस्त्याकडेच्या सागाचं पान तोडायला लावलं आणि त्याच्याच पांढऱ्या रुमालाने पुसायला लावलं. रुमाल घडी करून त्यांनी फाइलला टाचला. दुसऱ्या दिवशी सभागृहात म्हणाल्या, "उपाययोजना कमी पडल्या आहेत. मी पाहून आले." विरोधकांनी बाकं वाजवली. आमच्याकडे टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला वाटलं की आपणच बोललो.

आता माझं सांगतो.

गावाबाहेर एक माजी मालगुजारी तलाव आहे, जुन्या जमीनदारांनी बांधलेला. आम्ही त्याला मामा तलाव म्हणतो. त्याच्या कडेची जमीन मी विकत घेतली होती, कारखाना वाढवायला. घेतली तेव्हा उन्हाळा होता, सगळं कोरडं, भेगाळलेलं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तळ्याची कड कुठे असते हे मासोळीच्या व्यापाऱ्याला कळत नसेल तर कुणाला कळेल? पण कागदावर जमीन शेतीची होती आणि भाव मला चांगला पडला. मी भिंत बांधली. नेमकी पाणी तलावात शिरतं त्या बाजूला. पुढच्या पावसात तलाव अर्धाच भरला. खालच्या धानाला पाणी पुरलं नाही, ढिवरांच्या जाळ्यात काही लागेना. आणि विरोधी पक्षाच्या एका आमदाराने प्रश्न टाकला, 'सदर तलावाच्या क्षेत्रात बर्फ कारखान्याने अतिक्रमण केले, हे खरे आहे काय?'

पाहणीला साहेब आले. मी त्यांना फक्त सावलीत खुर्ची टाकून दिली. त्यांनी खुर्चीवरूनच पाहणी केली आणि उत्तर लिहिलं, 'हे खरे नाही.'

अधिवेशनाच्या आधी एका रविवारी बाई स्वतः आल्या. सोबत अधिकारी नाही, फक्त ड्रायव्हर. चपला गाडीत काढून ठेवल्या आणि भिंतीच्या कडेने चालू लागल्या. मग फाटकातून आत आल्या आणि माझ्या जनरेटरशेजारून एक वाळलेली काडी उपटून माझ्यापुढे धरली.

"हे काय हाय, भाऊ?"

"गवत हाय."

"नीट पाहा."

मी पाहिलं. देवधान होतं. देवधान कोणी पेरत नाही. तलावाचं पाणी जिथवर साचतं तिथवरच ते आपोआप उगवतं, ऋषिपंचमीला आमच्या बाया त्याचाच भात करतात. तलावाची हद्द ढिवरांच्या बाया त्यावरूनच सांगतात, तलाठ्याला विचारत नाहीत. बाईंनी त्या काडीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत पावलं टाकली. ड्रायव्हरने टेप धरली. चाळीस फूट.

माझं डोकं तापलं, पण मी ते दाबलं. सौद्याची वेळ होती. "बाई, दहा फूट मागं घेतो," मी म्हटलं. त्या गप्प. तलावाकडे पाहत होत्या. "वीस घेतो. पाण्याले वाट होते. अन् तुमच्या साहेबाचं उत्तर बी ठीक राह्यते." त्या गप्पच. हात पुसले, चपला घातल्या, "येते भाऊ," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

आता तुम्हीच सांगा. पानं झाकली होती काय? नाही. म्हणजे सौदा चालू होता.

प्रश्न ज्या दिवशी लागला त्या दिवशी मी पास काढून नागपूरला सभागृहाच्या वरच्या गॅलरीत जाऊन बसलो. नवा शर्ट घातला होता. छापील यादीत माझ्या कारखान्याच्या प्रश्नासमोर 'हे खरे नाही' असं स्वच्छ छापलेलं होतं. मी ते चारदा वाचलं आणि म्हटलं, झालं, वीस फुटांवर बाई मानल्या.

बाई उभ्या राहिल्या. पदर खोचला. "अध्यक्ष महोदय, छापील उत्तरात दुरुस्ती आहे. 'हे खरे नाही' असं छापलं आहे. ते चुकीचं आहे. हे खरे आहे. मी स्वतः मोजून आले."

विरोधी आमदार उपप्रश्नांचा कागद हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याची सगळी तयारी नकाराची होती. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की सौदा तुटतो आहे, चढावं लागेल. मी उठून उभा राहिलो आणि जोराने ओरडलो, "बाई, तीस फूट!"

विधानसभेत असं कोणी कधी ओरडलं असेल असं मला वाटत नाही. सुरक्षारक्षकांनी मला दोन्ही बगलांतून उचललं. अध्यक्ष घंटा वाजवत होते. खाली कुणीतरी विचारत होतं, "हे तीस फूट कोणते? मंत्रिमहोदयांनी खुलासा करावा." दाराशी पोहोचेपर्यंत मला बाईंचा आवाज ऐकू आला, एकदम सरळ, बाजारात भाव सांगावा तसा.

"अध्यक्ष महोदय, ते अतिक्रमण करणारे आहेत. मासळीच्या धंद्यात माझे मोठे भाऊ लागतात. त्यांची मोजण्यात चूक झाली. अतिक्रमण चाळीस फूट आहे. चाळीसच काढलं जाईल."

सभागृह हसलं की बाकं वाजली, मला सांगता येणार नाही. मला एका खोलीत बसवून माफीनामा लिहून घेतला.

आठ दिवसांनी त्या माझ्या अंगणात हजर. भिंत काढायला सरकारी मशीन येणार होतं. मी म्हटलं, माझी भिंत दुसऱ्याने पाडलेली मला चालणार नाही, मी माझं मशीन बोलावलंय. आणि मग जे मनात होतं ते सगळं ओकलो. "पाटी उघडी ठेवली तुमी! हो म्हना नाई तर नाई म्हना! बाजाराचा नियम काऊन तोडला? अन् माया गाड्या प्रचारात फिरल्या त्या आठवल्या नाई?"

त्या पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून बसून राहिल्या. माझा आवाज बसल्यावर बोलल्या.

"आठवल्या. रातभर आठवल्या. पण भाऊ, माल माया असता तर सौदा केला असता ना मी. पानं झाकाले बी पाटी आपली लागते. तलाव काय मायी पाटी हाय काय?"

मी मशीनवाल्याला हात केला. मशीन सुरू झालं. भिंत पडताना त्या तिकडे पाहत होत्या, मी दुसरीकडे. शेवटचा तुकडा पडला तशी त्यांनी खाली वाकून एक वीट उचलली, बोटाने टकटक वाजवली, नखाने खरडून पाहिली.

"ह्या विटा कोनाच्या?"

"कोनाच्या म्हंजे? मायाच."

"मंग बोला भाव. बाजारात बायांले बसाले ओटा नाई. चिखलात बसतेत."

तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्या पडलेल्या भिंतीशेजारी आम्ही तासभर भांडलो. नायब तहसीलदार हातात पंचनाम्याचा कागद घेऊन उभा, ड्रायव्हर झाडाखाली झोपलेला. मी दोनदा फाटकाबाहेर गेलो, दोनदा परत आलो. शेवटी विटाही गेल्या आणि त्या बाजारात नेऊन टाकायला गाडीही माझीच गेली. त्या दिवशी त्या इतक्या खूश होत्या की सभागृहातल्या दुरुस्तीनंतरही एवढ्या नसतील.

पुढच्या फेरबदलात बाईंचं मंत्रिपद गेलं. का गेलं ते कोणी सांगितलं नाही, पण मला विचाराल तर मंत्र्याने स्वतःच्याच खात्याचं उत्तर खोडणं वरच्या लोकांना आवडत नसावं. त्यानंतर तिकीटही मिळालं नाही. त्या परत गावी राहायला आल्या. कधी बाजारात आल्या तर ओट्याच्या टोकाला बसायच्या आणि पोरीसोरींना भाव शिकवायच्या. माझं आणि त्यांचं बोलणं होत होतं, पण माझी तक्रार मी सोडली नाही. विधानसभेच्या कामकाजात माझं अतिक्रमण कायमचं छापलं गेलंय आणि ओट्यावर माझ्या नावाची साधी पाटीसुद्धा नाही. मी तसं म्हटलं की त्या म्हणायच्या, "लावा ना. 'चाळीस फूट, सप्रेम भेट' लिवा." आणि शेजारच्या बाया पदर तोंडाशी नेऊन हसायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. थोडं आजारपण झालं, फार नाही. बाजाराचा दिवस होता. मला बातमी कळली नव्हती. नेहमीसारखी बर्फाची गाडी घेऊन पोहोचलो तर ओटा रिकामा. एकही पाटी नाही. सगळ्या बाया बाईंच्या गावाला गेल्या होत्या. कुणीतरी जाण्याआधी ओटा धुऊन ठेवला होता, अजून ओलाच होता. भाजीवालीने मला सांगितलं.

गडचांदूरकडून सिमेंट घेऊन आलेला एक ट्रकवाला मासोळी घ्यायला थांबला होता. त्याने रिकामा ओटा पाहिला आणि मला विचारलं, "आज बंद काऊन? कोनी नेता गेला काय?"

माझं डोकं सणकलं. मी त्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो.

"नेता नाई. मंत्री होती आमची," मी म्हटलं. "भर विधानसभेत उठून तिनं छापलेलं खोटं खोडलं. अन् ते खोटं माया फायद्याचं होतं."